आर्नोस व्हेल, ब्रिस्टल : साडेचार तारे, अर्धा चढणीचा कापला

इंग्लंडात मुलाकडे-लेकीकडे येऊन राहिलेल्या, बाथचे रोमन हौद आणि स्टोनहेंजचे धोंडे बघून झालेल्या, आणि आता दुपारी सोफ्यावर बसून मराठी मालिका बघणाऱ्या तमाम आईवडिलांसाठी हा अभिप्राय आहे. ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल कब्रस्तानात जा. हो, कब्रस्तानातच. आत जायला तिकीट नाही, देणगी आपल्या मनावर. स्वच्छतागृह आहे, बाकं आहेत, चहा-केक मिळतो. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्यांच्यावर हमखास पाच मार्कांचा प्रश्न यायचा, ते राजा राममोहन रॉय तिथे आहेत.

मी गिरगावची. प्रार्थना समाज हा आमच्यासाठी आधी बसचा थांबा होता आणि मग इतिहास. त्याच्याच शेजारच्या रस्त्याला राजा राममोहन रॉय मार्ग म्हणतात, पण आमच्या चाळीत कुणी तो पूर्ण उच्चारलेला मला आठवत नाही. ‘हरकिसनदासचा रस्ता’ म्हटलं की टॅक्सीवाल्याला कळायचं. चंदनवाडीही चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे स्मशानाचं भय असं काही नव्हतं, पण शिस्त होती. तिथून आलेला माणूस कशाला हात न लावता थेट मोरीत जायचा, गरम पाण्याची बादली तयार असायची. म्हणून सून जेव्हा म्हणाली, “आई, तिथल्या कॅफेत केक छान मिळतो,” तेव्हा मी तिच्याकडे नुसतं बघितलं. मसणात बसून केक? आता सांगते, खाल्ला. गाजराचा. छान होता. घरी येऊन अंघोळ केली ती गोष्ट वेगळी.

जायचं कसं, ते आधी. टेंपल मीड्स स्टेशनपासून बाथ रोडने साधारण दीड किलोमीटर. रस्ता रुक्ष आहे, ट्रक-गाड्यांचा धूर. उजव्या हाताला वर टॉटरडाउनची रंगीबेरंगी घरं कड्यावर ओळीने उभी दिसतात, तेवढाच विरंगुळा. बस घेतलेली बरी. फाटकाशी दोन बाजूंना दोन दगडी चौक्या आहेत, जाड खांबांच्या, ग्रीक धाटणीच्या. फोर्टातल्या टाउन हॉलचे, म्हणजे एशियाटिकचे, खांब आठवा. त्याच घराण्यातले, फक्त धाकटी पाती. आत पाऊल टाकलं की ट्रकांचा आवाज मागे पडतो, कारण जागा खोलगट आहे. मधे सपाटी, तिच्यात दोन चॅपेल, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, आणि सभोवार झाडीने भरलेली टेकडी चढत गेलेली. पंचेचाळीस एकर. टेकडीवर जिथे नजर जाईल तिथे झाडांच्या बुंध्यांमधून थडगी डोकावतात. दीड लाखाहून जास्त माणसं इथे पुरलेली आहेत.

राजांच्या समाधीवरची छत्री शोधावी लागत नाही. फाटकापासून फार चालायच्या आतच ती दिसते, आणि दिसताक्षणी डोळ्यांना हिसका बसतो. भोवताली सगळे क्रूस, देवदूत, कलश झाकणारी दगडी वस्त्रं, आणि त्यांच्यात ही आपल्याकडची, खांबांवर घुमट पेललेली छत्री. वानवडीच्या शिंदे छत्रीच्या मानाने अगदी लहान. पण दगड बाथचा, फिकट मधाच्या रंगाचा, आणि ऊन पडलं की उजळणारा. आराखडा विल्यम प्रिन्सेपचा. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचा हा भाऊ. स्वतः चित्रकार, आणि कलकत्त्यात द्वारकानाथ टागोरांच्या पेढीत भागीदार. पैसे द्वारकानाथांचे. म्हणजे एका बंगाली मित्राने दिलेल्या पैशांतून, कलकत्त्यातल्या इंग्रजाने काढलेली, इंग्लंडच्या दगडात कोरलेली हिंदुस्थानी छत्री. माझा नातू आठ वर्षांचा आहे, त्याला हे पटकन समजलं. मोठ्यांना जास्त वेळ लागला.

राजे इथे आले कसे, हे माहीत नसेल तर छत्री म्हणजे फोटोपुरती जागा. म्हणून थोडं थांबून सांगते.

सतीबंदीचा कायदा बेंटिंकने १८२९ साली केला. तो रद्द व्हावा म्हणून कलकत्त्याच्या सनातनी मंडळींनी थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाकडे, दाद मागितली. राममोहन १८३१ साली इंग्लंडात पोचले ते मोगल बादशहा दुसरा अकबर याचे वकील म्हणून. बादशहाच्या पेन्शनीचं गाऱ्हाणं मांडायचं होतं, ‘राजा’ हा किताबही त्यानेच दिलेला. पण सतीचा अर्ज फेटाळला जावा हेही त्यांना बघायचं होतं. १८३२ साली तो फेटाळला गेला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ते ब्रिस्टलला आले, लँट कार्पेंटर या युनिटेरियन पाद्र्याच्या मंडळींकडे. येशूला मानणारे पण देव एकच, तीन नव्हेत, म्हणणारे हे लोक. राममोहनांचं आणि त्यांचं जमलं यात नवल नाही. स्टेपल्टन भागातल्या बंगल्यात मुक्काम होता. तिथे ताप आला, मेंदूज्वराचा, आणि २७ सप्टेंबर १८३३ ला ते गेले. गळ्यात जानवं तसंच होतं.

आता पुढचा प्रश्न त्या घरातल्या लोकांना पडला असेल तो मला छत्रीसमोर उभी असताना पडला. दहन करायचं कुठे? इंग्लंडात तेव्हा प्रेतं जाळतच नसत. तिथली पहिली विद्युत्‌ वगैरे नव्हे, साधी पहिली दाहिनीसुद्धा वोकिंगला १८८५ साली सुरू झाली. आणि ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं तर जात गेली म्हणून मायदेशी वारसाहक्काची भांडणं उभी राहणार. आपल्याला तिथे पुरू नका, असं राजांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटी बंगल्याच्या बागेतच, एल्म झाडांखाली, कसलाही मंत्र किंवा प्रार्थना न म्हणता, गप्प उभं राहून लोकांनी त्यांना पुरलं. ज्या माणसाने आयुष्यभर बायकांना चितेपासून ओढून काढलं, त्याच्या स्वतःच्या वाट्याला चिता आली नाही. यात काही अर्थ शोधू नये. मी फक्त नोंद करते.

दहा वर्षं ते त्या बागेत होते. द्वारकानाथ १८४२ साली इंग्लंडात आले, आणि मग १८४३ च्या मे महिन्यात पेटी तिथून काढून या नव्या कब्रस्तानात आणली, वर छत्री उभी राहिली. द्वारकानाथ स्वतः तीनच वर्षांनी, १८४६ मध्ये, लंडनला वारले. तेही इंग्लंडातच, केन्सल ग्रीनच्या कब्रस्तानात आहेत.

छत्रीच्या आतल्या दगडावर इंग्रजीत मजकूर आहे, तो चष्मा लावून वाचा. तो नंतर, १८७२ साली कोरला. एका देवावरची त्यांची श्रद्धा, अनेक भाषांवरचं प्रभुत्व, मूर्तिपूजा आणि सती बंद पाडण्यासाठी केलेली खटपट, सगळं आहे. जन्मसाल मात्र १७७४ दिलं आहे. आम्ही शाळेत १७७२ पाठ केलं होतं. दोन्ही सालं अभ्यासकांत चालतात, पण इथे आलात की दगडाशी वाद घालू नका. माझ्या यजमानांनी घातला.

इतकं झालं की बहुतेक आपली मंडळी फोटो काढून परत फिरतात. इथेच चूक होते. खरी जागा पुढे आहे.

इंग्लंडात १८३० च्या दशकात चर्चची अंगणं प्रेतांनी इतकी भरली होती की नवा खड्डा खणताना जुनी हाडं वर यायची. त्यात १८३२ साली ब्रिस्टलला पटकीची साथ आली. पॅरिसमध्ये गावाबाहेर टेकडीवर बागेसारखं कब्रस्तान १८०४ पासून होतं, पेर लाशेझ, त्याची कीर्ती पसरली होती. मग इथल्या व्यापाऱ्यांनी भागभांडवल उभं करून कंपनी काढली, १८३७ साली पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, शहराबाहेरचा हा उतार घेतला आणि चार्ल्स अंडरवुड या वास्तुशिल्पीकडून आराखडा करवला. १८३९ साली पहिलं दफन. उतार मुद्दाम घेतला: पाणी साचत नाही, हवा खेळती, आणि वरच्या पायरीवरची थडगी खालून दिसतात. ज्याच्याकडे पैसा त्याला उंचीवर, वळणावर, लोकांच्या नजरेत येईल असा प्लॉट. मलबार हिलचं गणित मेल्यावरही सुटत नाही.

चॅपेल दोन का, हे मला आधी कळेना. एवढ्याशा जागेत देवाची दोन घरं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. आम्हाला फिरवणारे स्वयंसेवक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी समजावलं. एक चॅपेल अँग्लिकनांचं, म्हणजे राजमान्य चर्चच्या लोकांचं. इटालियन ढंगाचं, घंटेचा मनोरा असलेलं. दुसरं बाकीच्यांचं: बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, युनिटेरियन. हे ग्रीक देवळासारखं. गावच्या चर्चच्या अंगणात पुरायचं तर अँग्लिकन पाद्रीच हवा आणि अँग्लिकन प्रार्थनाच हवी, ही सक्ती थेट १८८० पर्यंत होती. म्हणून या खाजगी कब्रस्तानांत बिशपने पवित्र केलेली जमीन वेगळी, न केलेली वेगळी. हे ऐकल्यावर मी सुनेला म्हटलं, सोवळं-ओवळं फक्त आमच्या आजीकडेच नव्हतं तर.

मला जास्त आवडलं ते मनोऱ्याचं चॅपेल. लहान आहे, शंभरेक माणसं दाटीवाटीने बसतील. उंच खिडक्या, उघडा दगड, आत फारशी सजावट नाही. आम्ही गेलो त्या दुपारी आत लग्न होतं. खरंखुरं लग्न. नवरी पांढऱ्या झग्यात पायऱ्या उतरली, पाहुण्यांनी कागदाचे तुकडे उधळले, मागे टेकडीभर थडगी. एक म्हातारे गृहस्थ त्या वऱ्हाडातून वाट काढत, हातात फुलं घेऊन वर चढत गेले, बहुधा बायकोच्या थडग्याकडे. नवरीने बाजूला होऊन त्यांना वाट दिली. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे चंदनवाडीच्या रस्त्याने वरात न्यायची म्हटली तर आधी भटजी पळेल, मग बँडवाले. मला हे पचायला जरा वेळ लागला, पण पचलं. ज्या चॅपेलची गरज फक्त कुणी मेल्यावर लागायची, त्याचं छप्पर आता लग्नाच्या भाड्यावर शाबूत राहतं.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीच्या भागाकडे येते. मी सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात उमर घालवली. कब्रस्तानाची कंपनी हा धंदा मुळातच तोट्यात जाणारा आहे. जागा एकदाच विकता येते. गवत मात्र दरवर्षी कापावं लागतं. ठेव मोडून खायची आणि व्याजाची अपेक्षा करायची, तसं. जोवर मोकळी जमीन आहे तोवर रोकड येते, टेकडी भरली की खर्च तेवढा उरतो. आर्नोस व्हेलच्या कंपनीने १९२८ साली त्यावर तोड काढली, दुसऱ्या चॅपेलमध्ये दाहिनी बसवली. जाळायला जमीन लागत नाही. इंग्लंडच्या या पश्चिम भागातली ही पहिली दाहिनी. त्यावर पुढची सत्तर वर्षं निघाली. पण देखभाल मागे पडत गेली, वरच्या उतारांवर जंगल माजलं, थडगी मुळांनी उचकटली. १९८० च्या दशकात जमिनीच्या काही भागावर बांधकाम करण्याची भाषा सुरू झाली, आणि १९९८ साली दाहिनीही बंद पडली. फाटकाला कुलूप लागायची वेळ आली.

मग गावातले लोक उठले. ज्यांचे आईबाप आत पुरलेले होते ते, आणि ज्यांचं आत कुणीच नव्हतं तेही. स्वयंसेवक रोज येऊन फाटक उघडायचे, बंद करायचे, झुडपं कापायचे. मोर्चे, सह्या, पालिकेकडे खेटे. २००३ साली बीबीसीच्या जुन्या वास्तू वाचवण्याच्या कार्यक्रमात या जागेचं नाव गाजलं, त्याच सुमारास पालिकेने सक्तीने जमीन ताब्यात घेतली आणि एका विश्वस्त संस्थेच्या हाती कारभार दिला. पुढे लॉटरीच्या पैशांतून चालणाऱ्या वारसा निधीने जवळपास ४८ लाख पौंड दिले. तेव्हा चौक्या, चॅपेल दुरुस्त झाली. राजांच्या छत्रीचीही दुरुस्ती २००८ च्या सुमारास झाली, तीसुद्धा देणगीतून. आता लग्नं, नाटकं, योगाचे वर्ग, मार्गदर्शकासह फेऱ्या आणि केक, या सगळ्यांतून गवत कापायचे पैसे निघतात. नवी दफनंही चालू आहेत. हिशेबनीस म्हणून मी हे पुस्तक पास करते.

दाहिनी बघता येते. दुसऱ्या चॅपेलच्या तळघरात ती जुनी भट्टी ठेवली आहे, लोखंडी दारं, पाइप, सगळं. वर प्रार्थना संपली की पेटी खाली जायची. सून बाहेर थांबली. मी बराच वेळ आत होते. चंदनवाडीत आपण सगळं उघड्यावर बघितलेलं असतं, लाकडं मोजण्यापासून. इथे तेच काम यंत्रात झाकून, वरच्या माणसांना चाहूलही न लागता कसं उरकायचे, हे बघायला मला रस होता. लहान मुलं असतील तर आधी तुम्ही खाली डोकावून या आणि ठरवा.

टेकडी चढणार असाल तर नकाशा घ्या आणि दोन माणसं तरी शोधा. एक जॉर्ज म्युलर. प्रशियातून आलेला हा धर्मोपदेशक, ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवायचा, कुणाकडे पैसे न मागता. दहा हजारांवर मुलं त्याने वाढवली. १८९८ साली तो गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला अर्धं शहर रस्त्यावर होतं म्हणतात. दुसरी मेरी कार्पेंटर, आणि हिच्यासाठी मी चढले. राजांना ब्रिस्टलला बोलावणाऱ्या पाद्र्याची ही मुलगी. राजे आले तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पुढे तिने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, १८५४ साली मुलींचं सुधारगृह काढलं, आणि १८६६ मध्ये, साठीच्या उंबऱ्यावर, बोटीत बसून मुंबईला आली. मुलींच्या शाळा, तुरुंग, शिक्षिका कुठून आणायच्या, हे सगळं विचारत अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता पालथं घातलं. पुढच्याच वर्षी, १८६७ साली, आमच्या गिरगावात प्रार्थना समाज सुरू झाला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण रॉय, त्यांचा ब्राह्मो समाज, केशवचंद्र सेनांची १८६४ ची मुंबईची व्याख्यानं, आत्माराम पांडुरंग, रानडे, भांडारकर, आणि पुढे युनिटेरियन लोकांच्या मदतीने १९०१ साली ऑक्सफर्डला शिकायला आलेले विठ्ठल रामजी शिंदे, ही सगळी माणसं एकमेकांच्या ओळखीतली आहेत आणि त्या ओळखीचं एक टोक या उतारावर आहे. मेरीबाई १८७७ साली गेल्या. राजांपाशी सगळे फुलं ठेवतात. बाईंपाशी मी गेले तेव्हा पालापाचोळा होता. मी हाताने थोडा सारला.

आता कापलेला अर्धा तारा. चढण खडी आहे. पावसानंतर वरच्या पायवाटा निसरड्या होतात, काही ठिकाणी मुळं पायरीसारखी वर आलेली आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खालच्या सपाटीवर समाधान मानावं. छत्री, दोन्ही चॅपेल आणि कॅफे तिथेच आहेत. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची खालच्या रस्त्यावर चालते, वर नाही. चपला-सँडल घालून येऊ नका, ही सूचना खास पुण्या-मुंबईच्या काकांसाठी. आणि झाडीतली थडगी डळमळीत आहेत, त्यांवर बसून डबा उघडू नका. वरचं रान मुद्दाम पूर्ण साफ केलेलं नाही, कारण त्यात हरणं, वटवाघळं, कोल्हे राहतात. त्यामुळे ‘किती माजलंय’ असं म्हणून कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

चहा इंग्रजी, म्हणजे आलं आणि वेलची आपण मनात घालायची.

जमल्यास सप्टेंबरात जा. २७ सप्टेंबरच्या जवळच्या रविवारी छत्रीपाशी दरवर्षी स्मरणाचा छोटा कार्यक्रम होतो, युनिटेरियन आणि बंगाली मंडळी जमतात, शहराचे प्रतिनिधी येतात. मराठी माणूस क्वचित दिसतो. त्याच दिवशी गावात कॉलेज ग्रीनलाही जाऊन या. पालिकेच्या इमारतीजवळ राजांचा १९९७ साली उभारलेला पुतळा आहे. तिथून बंदर चालत जाण्यासारखं आहे. क्रम मात्र मी सांगते तसा ठेवा: आधी छत्री, मग मनोऱ्याचं चॅपेल, मग तळघर, मग टेकडी, आणि केक शेवटी. केक आधी खाल्लात तर टेकडी राहिली म्हणून समजा.